वहिनींचं मत

वहिनींना खासदार करायचं ठरलं तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात कप विसळत होत्या.

बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. कोणी सोफ्यावर, कोणी सोफ्याच्या हातावर, दोघंतिघं खिडकीच्या कट्ट्यावर. मधल्या खुर्चीवर पक्षाचे अध्यक्ष. वहिनींचे यजमान खासदार होते. एका सभेवरून परतताना त्यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली आणि ते जागच्या जागी गेले. त्याला अजून महिनाही उलटला नव्हता. पक्षात सगळे त्यांना ‘दादा’ म्हणत, म्हणून ह्या ‘वहिनी’. वडिलांच्या वयाचे कार्यकर्तेही त्यांना वहिनीच म्हणत.

धाकटे दीर आत आले. दादांची सगळी कामं तेच बघायचे. कुणाला भेटायचं, कुणाला टाळायचं, सगळं त्यांच्या डोक्यात असे.

“वहिनी, जरा बाहेर येता?”

वहिनी ओल्या हातांनीच बाहेर आल्या. अध्यक्ष उठून उभे राहिले. “तुम्हाला काही करायचं नाही, वहिनी. फक्त उभं राहायचं. बाकी सगळं आम्ही बघतो.”

“मीच उभा राहिलो असतो,” दीर म्हणाले, “पण लोकांना तुम्ही हव्या आहात. लाट आहे, वहिनी. लाट काही रोज येत नाही.”

कोपऱ्यात सासूबाई बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्या फारसं बोलत नव्हत्या. त्या म्हणाल्या, “त्याची जागा घरातच राहू दे.”

सगळे वहिनींकडे बघत होते. वहिनींनी हात नॅपकिनला पुसले आणि म्हणाल्या, “बरं.”

नंतर लेकीनं विचारलं, “आई, तू हो का म्हणालीस?” लेक कॉलेजात होती, दुसऱ्या शहरात शिकायची. वहिनींनी बराच विचार केला. खरं उत्तर एवढंच होतं, की ‘नाही’ म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, त्यावर वाद झाला असता, आणि वादाला लागणारी ताकद अंगात नव्हती. ‘बरं’ दोन अक्षरांत आटोपलं. पण हे लेकीला कसं सांगायचं? त्या म्हणाल्या, “बघू आता.”

लग्नाआधीपासून वहिनी एका दवाखान्यात कानांची तपासणी करायच्या. काचेची लहानशी खोली, आत पेशंट, त्याच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. बाहेर वहिनी यंत्रापुढे. आवाज ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं, एवढंच. खासदाराची बायको झाल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नव्हतं. आता सोडलं. त्यांच्या टेबलावरचा मोठा कप कुणीतरी कागदात गुंडाळून घरी पोचवला.

प्रचारात त्यांना उघड्या गाडीवर उभं केलं. फिकट रंगाचे कपडे घाला, असं दिरांनी सुचवलं होतं. शेजारी दादांचा हसरा फोटो, माणसापेक्षा मोठा. वहिनी हात हलवत. बायका गाडीला हात लावत, काही जणी रडत. वहिनींच्या डोळ्यांतून मात्र टिपूस निघत नसे. लोकांना वाटे, काय धीराची बाई आहे! धीर कसला? दाढ काढायच्या आधी हिरडीला सुई देतात, मग गाल आपला असूनही आपला वाटत नाही; त्यांना सगळं अंगच तसं झाल्यासारखं वाटत होतं. त्या प्रचंड मतांनी निवडून आल्या. टीव्हीवर म्हणाले, हा स्त्रीशक्तीचा विजय आहे.

सभागृहात त्यांची जागा मागच्या बाजूला, खांबाजवळ होती. बाकावर तीन बटणं. हिरवं बाजूनं, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. पक्षाचा प्रतोद, म्हणजे कुणी कसं मत द्यायचं ते बजावणारा माणूस, पहिल्याच दिवशी येऊन म्हणाला, “वहिनी, सोपं आहे. मी अंगठा वर केला की हिरवं, खाली केला की लाल. पिवळ्याला हात लावायचा नाही.”

अंगठा वर झाला की वहिनी हिरवं दाबत. कसला ठराव, कुणाचा फायदा, कानांवरून जाई. कार्यालयात दीर त्यांच्या खुर्चीत बसत, फोन घेत, भेटायला येणाऱ्यांशी बोलत. वहिनी आल्या की ते उठल्यासारखं करत. “बसा, बसा भाऊजी,” वहिनी म्हणत, आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून खिडकीतून गाड्या बघत. सही लागली की ते कागद पुढे सरकवत.

दवाखान्यात त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. काही पेशंट आवाज ऐकू न येताच बटण दाबत. बहिरं ठरायची भीती, नाहीतर नुसता शहाणपणा. वहिनींना ते लगेच कळे. त्या मुद्दाम आवाज बंद करून शांत बसत, तरी आतला माणूस बटण दाबतच राही, चेहऱ्यावर हसू ठेवून. एका दुपारी हिरवं बटण दाबताना वहिनींना तो चेहरा आठवला. आपला चेहरा आत्ता कसा दिसत असेल, असं त्यांच्या मनात आलं. मग तेही विरून गेलं.

त्या इमारतीत वहिनींना आवडणारी जागा एकच होती. स्त्री सदस्यांची खोली. ती सभागृहापासून इतकी लांब होती, की मतदानाची घंटा झाली की धावत सुटावं लागे, नाहीतर दारं बंद. बांधणाऱ्याला वाटलं असेल, बायका आल्या तरी चारदोन येतील, आणि त्यांना तहानबिहान लागणार नाही. खोलीत एक आरसा, दोन कोच आणि गळका नळ. तिथं एका कोचावर पाय वर घेऊन विरोधी पक्षाच्या एक म्हाताऱ्या बाई बसलेल्या असत. आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं, म्हणून त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत.

“तुमचा फोटो पाहिला,” मास्तरीणबाई एकदा म्हणाल्या. “पायऱ्यांवर, पहिल्या रांगेत. तुमच्या पक्षातल्या सगळ्या बायका पुढे आणि पुरुष मागे.”

“हो. तसं उभं राहायला सांगितलं.”

“मी तर म्हटलं, एवढ्या बायका आल्या कुठून? मग लक्षात आलं, आहात तेवढ्या सगळ्याच पुढे उभ्या केल्या होत्या.” त्या स्वतःच खुदकन हसल्या. वहिनींना हसू आलं नाही, पण बरं वाटलं. म्हणजे वाटल्यासारखं झालं.

पुढे ते विधेयक आलं.

त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, सभागृहातल्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखून ठेवायच्या, पुढच्या निवडणुकीपासून. दुसरी, पुढची निवडणूक लांबणीवर टाकायची. देशाची घडी नीट बसेपर्यंत. ती कधी बसली, हे सरकार ठरवणार. दोन्ही गोष्टी एकाच विधेयकात बांधल्या होत्या. कुणी विरोधात बोललं, की बायकांचा शत्रू.

पक्षाध्यक्षांनी वहिनींना बोलावून घेतलं. “ह्यावर तुम्हीच बोलायचं, वहिनी. तुम्ही बोललात तर कुणाची तोंड उघडायची हिंमत होणार नाही.” भाषण लिहून तयार होतं. मोठ्या अक्षरांत छापलेलं, कुठे थांबायचं तिथं रेघा मारलेल्या.

“बरं,” वहिनी म्हणाल्या.

मास्तरीणबाईंना ती बातमी आधीच लागली होती. त्या दिवशी त्या कोचावर पाय खाली सोडून बसल्या होत्या.

“बोलणार आहात म्हणे.”

“हो.”

“ह्या जागांसाठी मी भांडायला लागले तेव्हा माझे केस काळे होते,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आणि आता मलाच त्यांच्या विरोधात लाल दाबायचंय. घरी सून विचारते, आई, तुम्हीसुद्धा? काय सांगू तिला? आपल्या तोंडाला पानं पुसतायत, बाई. जागा देतो म्हणतात आणि तिथवर जायचा रस्ताच बंद करतात.” मग त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला काही सांगत नाहीये हं. तुमचं तुम्ही बघा.”

वहिनींनी गळका नळ घट्ट बंद करायचा प्रयत्न केला. तो झाला नाही.

त्या शनिवारी सासूबाईंचं कानातलं यंत्र बिघडलं. वहिनी त्यांना घेऊन आपल्या जुन्या दवाखान्यात गेल्या. ओळखीनं आत जाता आलं असतं, पण त्या बाकावर रांगेत बसल्या. शेजारी एक बाई होती. धुलाईच्या कारखान्यात काम करायची. बोटं पाण्यानं आणि पावडरीनं पांढरी पडलेली. यंत्रांच्या आवाजानं एक कान गेला होता, म्हणून मोठ्यानं बोलत होती.

“तुम्ही टीव्हीवरच्या ना? दादांच्या?”

“हो.”

“मत द्यायचं बंद करताय म्हणे.”

“बंद नाही. पुढे ढकलतायत.”

“कधीपर्यंत?”

“ते ठरायचंय.”

बाईनं आपली पांढरी बोटं एकमेकांवर चोळली. मग म्हणाली, “मी त्या दिवशी लवकर आवरते. चांगले कपडे घालते. नवरा सांगतो, अमक्याला दे. मी मान हलवते. आत गेलं की पडद्यामागे मी एकटी. बाहेर आल्यावर तो विचारतो, दिलंस ना? मी म्हणते, दिलं. कुणाला दिलं ते मी आजवर त्याला सांगितलेलं नाही. सगळ्या घरात तेवढीच एक गोष्ट आहे बघा, जी माझी मी ठरवते आणि त्याला काही करता येत नाही.” ती हसली. “आता तेही गेलं म्हणायचं.”

तिचा नंबर आला आणि ती आत गेली. वहिनींनी काचेतून पाहिलं. हेडफोन लावून बाई डोळे मिटून बसली होती. आवाज आला की दाबत होती, नाही आला की थांबत होती.

सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणत होती गं ती?” यंत्र बंद होतं, त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “काही नाही, घरचं.”

विधेयकाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. वहिनींना पुढच्या बाकावर आणून बसवलं होतं. वर गॅलरीत कॅमेरे. सभापतींनी नाव पुकारलं तेव्हा आपलं नाव ऐकून त्या क्षणभर दचकल्याच. कितीतरी दिवसांत ते कुणी उच्चारलं नव्हतं. त्या उठल्या आणि वाचायला लागल्या. आवाज स्थिर होता. रेघ आली की थांबत होत्या. बाकं वाजत होती. दुसरं पान सुरू झालं. ‘ह्या देशातल्या तमाम बहिणींच्या वतीनं मी...’

तिथं त्या थांबल्या. तिथं रेघ नव्हती.

सगळ्यांना वाटलं, वहिनींना भरून आलं. कुणीतरी पाणी पुढे केलं. भरूनबिरून काही आलं नव्हतं. ‘वतीनं’ हा शब्द तोंडात खड्यासारखा आला होता, एवढंच. पुढची ओळ डोळ्यांसमोर होती, वाचता येत होती, पण त्यांनी ती वाचली नाही. कागद बाकावर ठेवला आणि दवाखान्यात पेशंटला सांगायच्या तशा सावकाश, मोठ्यानं म्हणाल्या,

“सभापती महोदय, ह्यात दोन गोष्टी आहेत. एक मला हवी आहे, दुसरी नको आहे. दोन्हीला मिळून बटण एकच आहे. त्या वेगळ्या करा. मी दोनदा मत देईन.”

बाकं वाजायची थांबली.

“मला कुणीही न विचारता इथं बसवलं,” वहिनी म्हणाल्या. “पण लोकांना विचारलं होतं. त्यांना परत विचारल्याशिवाय इथं बसून राहायचं, हे...”

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. माइकचा लाल दिवा विझला होता. मागून कुणीतरी ओरडलं, “वहिनी, घरचं भाषण घरी!” हशा पिकला. सभापती म्हणाले, “सदस्यांनी खाली बसावं.” वहिनी बसल्या. छातीत धडधड होत नव्हती, कान तापले नव्हते. प्रतोद त्यांच्यासमोर येऊन उभाच राहिला, अंगठा वर करून, जणू तो त्यांना दिसला नसावा. घंटा झाली. वहिनींनी लाल बटण दाबलं. बोट आपलंच होतं, तरी दुसऱ्याच कुणाचं तरी काम बघितल्यासारखं त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

विधेयक आरामात मंजूर झालं. विरोधकांतल्याही काहींनी हिरवं दाबलं.

प्रतोदानं त्यांना बाहेर गाठलं. रागापेक्षा तो गोंधळलेलाच जास्त होता. “काय केलंत हे, वहिनी? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“माझ्याकडून कसलीच नव्हती,” वहिनी म्हणाल्या. टोमणा नव्हता. असंच होतं ते.

पक्षाचा आदेश मोडला म्हणून सदस्यत्व रद्द झालं. जागा मोकळी झाली, पण पोटनिवडणूकही आता लांबणीवरच. त्यामुळे त्यांच्या भागाला खासदारच उरला नाही. दीर घरी आले, बसले नाहीत, उभ्याउभ्याच बोलले.

“दादानं आयुष्य घातलं त्यात. तुम्ही एका मिनिटात मातीत घातलंत. निदान पिवळं दाबायचं होतं!”

“त्याला हात लावायचा नाही म्हणाले होते.”

दिरांनी कपाळावर हात मारला. जाताना दार आपटलं. नंतर ते आले नाहीत.

सासूबाई मात्र तिथंच राहत होत्या, त्यांना आपटून जायला दार नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “माझ्या मुलाच्या जागेला लाथ मारलीस तू.” मग कितीतरी दिवस अबोला. वहिनी ताट वाढत, सासूबाई जेवत, ताट उचलत. लेक फोनवर म्हणाली, “आई, मला तुझा अभिमान वाटतो गं.” वहिनी म्हणाल्या, “बरं.” मग त्यांना वाटलं, आणखी काहीतरी म्हणायला हवं. पण सुचलं नाही.

दवाखान्यात त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली होती. वहिनी परत कामावर गेल्या तेव्हा त्यांना दुपारची पाळी मिळाली. सकाळ मोकळी. आणि त्या मोकळ्या सकाळी दारात बायका यायला लागल्या. सवयीनं, पूर्वी यायच्या तशाच. कुणाची तक्रार, कुणाचा अडलेला दाखला. वहिनी दारातच सांगत, “मी आता कोणी नाही.” बायका “हो का” म्हणत आणि आत येऊन बसत. कुठे जाणार दुसरीकडे? एके दिवशी वहिनी आंघोळीला गेल्या होत्या. बाहेर येऊन बघतात, तर सासूबाईंनी दोघीतिघींना खुर्च्या दिल्या होत्या आणि कानाला हात लावून विचारत होत्या, “मोठ्यानं सांग गं, काय म्हणालीस?”

त्यात एक गरोदर मुलगी होती, बरोबर तिची आई. गावातल्या सरकारी रुग्णालयातला बाळंतपणाचा विभाग दुरुस्तीच्या नावाखाली बंद केला होता. दुरुस्ती कसली, कुलूप होतं. बाळंतपणासाठी आता बसनं अर्धा दिवस लांब जायचं.

“आमच्या वतीनं तिथं कोण बोलणार आता?” आईनं विचारलं.

“कोणी नाही,” वहिनी म्हणाल्या.

मग मुलगी म्हणाली, “मग तुम्ही नुसत्या चला ना आमच्याबरोबर.”

वहिनींनी घड्याळाकडे बघितलं. पाळीला वेळ होता. त्यांनी चपला घातल्या.

आरोग्य अधिकाऱ्याच्या खोलीबाहेर त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं. पूर्वी दादांबरोबर आल्या होत्या तेव्हा हाच अधिकारी जिन्यापर्यंत घ्यायला आला होता. आता आत बोलावून त्यानं वहिनींकडे बघितलं, ओळखलं, आणि चाचरत विचारलं, “आपण आता... कोण म्हणून आलात?”

वहिनींनी मुलीकडे बघितलं. तिनं पाठीला आधार म्हणून एक हात मागे टेकवला होता आणि दुसरा पोटावर होता. टाचा सुजलेल्या. खोलीत पाहुण्यांसाठी खुर्ची एकच होती.

“हिच्याबरोबर आलेय,” वहिनी म्हणाल्या. “बस गं तू.”

मुलगी बसली. अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, वर कळवतो म्हणाला. त्या आठवड्यात काही कुलूप निघालं नाही. वहिनी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या, तेव्हा आणखी चौघी आपणहून बरोबर आल्या. त्यातल्या एकीनं अधिकाऱ्याला विचारलं, “वर म्हणजे कुणाला कळवलंत?” त्याला नाव सांगता येईना. तेव्हा त्या तिथंच, त्याच्या टेबलासमोर, जमिनीवर बसल्या. वहिनींनी दवाखान्यात फोन करून सांगितलं, मला आज यायला उशीर होईल.